बाळाचें टिपण

मराठी घरांत मूल जन्मास आलें म्हणजे त्याच्यासंबंधीं पहिली लेखी नोंद होई ती त्याच्या जन्मवेळेची. घड्याळें घरोघर येण्यापूर्वीं ही वेळ घटिकापात्रावरून ठरे. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत, तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, अर्थात् चोवीस मिनिटें झालीं, असें धरावयाचें. जोशीबुवा त्यावरून लहानसें टिपण करीत आणि पुढें सवडीनें त्याची पत्रिका होई. बाळासाठीं दुसरा कागद निघे तो पांचवी-सहावीच्या रात्रीं. सटवाईच्या पूजेंत पाटावर कोरा कागद, दौत आणि लेखणी मांडण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. देवी रात्रीं येऊन बाळाचें भवितव्य लिहिते, अशी समजूत. नवजात बालकासाठीं घरांत मांडलेल्या त्या कोऱ्या पानावर आईनें कांहींच लिहावयाचें नसे.

त्या रात्रींचें भय निराधार नव्हतें. नाळ कापतांना झालेल्या संसर्गानें होणारा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होत असे, आणि एकदां तो झाला म्हणजे तें मूल क्वचितच वांचे. आईस धनुर्वातविरोधी लस, स्वच्छ पातें, स्वच्छ दोरा आणि सुरक्षित बाळंतपण एवढ्या साधनांनीं हा रोग हटविण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध खर्चीं पडला. भारतांत माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें २०१५ सालीं मान्य करण्यांत आलें.

मग बाळाच्या रोजच्या निगेचा हिशेब कोण ठेवी? तो सुइणीच्या, आजीच्या, आत्याबाईंच्या डोक्यांत असे. बाळ किती वेळां प्यालें, शी कोणत्या रंगाची झाली, रडें नेहमींचें कीं वेगळें, अंग गार लागतें कीं कढत, हें न्हाऊमाखूं घालणाऱ्या हातांस कळे. या हिशेबाचा एक मोठा गुण असा कीं, तो ठेवणारी बाई बाळाजवळच असे आणि कांहीं वावगें दिसल्यास तीच प्रथम हालचाल करी. दोष असा कीं, त्यांत आंकडा नव्हता. दोन किलोंचें मूल आणि तीन किलोंचें मूल यांतील फरक तिच्या नजरेस दिसे. परंतु पंधरा दिवसांत वजन वाढलें कीं घटलें हें नजरेनें निश्चित सांगतां येत नसे. शिवाय ज्या समजुती चुकीच्या होत्या, त्याही त्याच तोंडानें पुढील पिढीस मिळत.

छत्रपती संभाजीनगराच्या पश्चिमेस, छावणी ओलांडून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगांव आहे. आज ती महानगरपालिकेच्या हद्दींतील वाढती वस्ती आहे. अशा वस्तींतील पुष्कळ घरांत नवीन आईबाप दोघेच असतात. आजी गांवीं असते आणि महिना-दीड महिना राहून परत जाते. बाळंतपण रुग्णालयांत होतें आणि सारें सुरळीत असल्यास थोड्याच दिवसांत बाळबाळंतीण घरीं येतात. पूर्वीं चार बायकांच्या डोक्यांत वांटलेला हिशेब आतां एका थकलेल्या आईवर आणि कामावर जाणाऱ्या बापावर येतो. दोघांच्याही हातीं मोबाइल असतो, आणि बाळाचें दूध, झोंप, लंगोट, वजन व लस यांची नोंद ठेवणारीं ॲप्स त्यांत घेतां येतात. यांपैकीं कोणतें घ्यावें, हा प्रश्न अशा घरांत रात्रीं दोन वाजतां विचारला जातो. तो दिसतो नवा, पण त्याच्या पोटांतील प्रश्न जुने आहेत. नोंद कशासाठीं ठेवावी, ती कोणाजवळ राहावी, आणि ती वाचून कोणीं काय करावें? यांचीं उत्तरें शोधतांना जें घडलें त्याचा इतिहास ही निवड करणाऱ्यास उपयोगी पडेल असा आहे.

युरोपांत बाळाची दैनंदिनी प्रथम जिज्ञासेपोटीं लिहिली गेली. चार्ल्स डार्विननें १८३९ सालीं जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाचें निरीक्षण करून टिपणें ठेवलीं आणि पुढें १८७७ सालीं तीं एका निबंधाच्या रूपानें छापलीं. बाळ जगावें म्हणून नोंद ठेवण्याची पद्धति रुग्णालयांतून आली. पॅरिस येथील डॉ. पिएर ब्यूदॅं यांनीं १८९२ सालीं शारिते रुग्णालयांत तान्ह्या मुलांसाठीं सल्लाकेंद्र काढलें. तेथें जन्मलेलीं मुलें आया दर आठवड्यास घेऊन येत. मुलाचें वजन होई आणि त्या आंकड्यावरून आईस स्तनपानाविषयीं सल्ला मिळे. तराजूचा कांटा आणि सल्ला हे एकाच बैठकींत येत, हें त्या केंद्राचें वैशिष्ट्य होतें.

पुढें नोंदीचा अतिरेकही झाला. न्यूझीलंडमध्यें डॉ. ट्रुबी किंग यांच्या पुढाकारानें १९०७ सालीं प्लंकेट सोसायटी स्थापन झाली. तिच्या परिचारिकांनीं घरोघर जाऊन स्वच्छतेचें आणि मातेच्या दुधाचें महत्त्व शिकविलें, हें काम मोठें होतें. परंतु किंग यांच्या शिकवणींत घड्याळाचें स्थान फार वरचें होतें. दर चार तासांनीं पाजावें, रात्रीं पाजूं नये, मध्येंच बाळ रडलें तरी उचलूं नये, असा तो नेम. ही शिस्त इंग्रजी पुस्तकांतून दूरवर पसरली. वेळापत्रक पाळण्याच्या हट्टांत बाळाची भूक मागें पडली. १९४६ सालीं डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकानें आयांस स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवण्यास सांगितलें. आणि १९८९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं स्तनपानासंबंधीं ज्या दहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्यांत बाळ मागेल तेव्हां पाजण्याचा पुरस्कार केला. जन्मल्यापासून पहिल्या कांहीं आठवड्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळां पाजणें हें आतां स्वाभाविक मानतात. मोबाइलवरील ॲप तीन तासांनीं घंटा वाजवितें तेव्हां डॉ. किंग यांचें जुनें घड्याळ पुन्हां घरांत शिरूं पाहतें, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

नोंद अपुरी असली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण मुंबईत सांपडतें. १९२१ सालीं मुंबई शहरांतील बालमृत्यूचें प्रमाण, नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक निघालें. गिरणगांवांतील दाटी, एका खोलींत राहणारीं अनेक कुटुंबें, अस्वच्छ पाणी आणि आयांची मजुरी यांमुळें मुलें मोठ्या संख्येनें मरत होतीं, यांत शंका नाहीं. परंतु या भयंकर आंकड्यांत आणखीहि एक गोष्ट मिसळलेली होती. कोंकण-देशावरच्या पुष्कळ बाया बाळंतपणास गांवीं जात आणि मूल घेऊन परत येत. जन्म गांवीं होई, मृत्यू मुंबईत नोंदला जाई. त्यामुळें भागाकारांतील जन्मांची संख्याच लहान राही. मूल एका ठिकाणीं आणि त्याचा कागद दुसऱ्या ठिकाणीं, अशी स्थिति झाल्यास आंकडा खरें सांगत नाहीं.

हा कागद मुलाबरोबरच राहिला पाहिजे, हा विचार डॉ. डेव्हिड मोर्ली यांनीं पश्चिम आफ्रिकेंत अमलांत आणला. नायजेरियांतील इलेशा येथें १९५० नंतरच्या दशकांत काम करीत असतां त्यांनीं मुलाच्या वाढीचें एक कार्ड तयार केलें. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर वजन, आणि दोन वक्र रेषांमधील निरोगी वाढीचा मार्ग. कार्ड दवाखान्याच्या कपाटांत न ठेवतां प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून आईच्या स्वाधीन करावयाचें. ठिपक्यांची रेघ वर चढत असली म्हणजे ठीक; ती आडवी झाली कीं मूल अजून आजारी दिसत नसतांहि सावध व्हावयाचें. अक्षर न येणाऱ्या आईलाही ती रेघ वाचतां येई. आज मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा वजनाचा आलेख हा याच कार्डाचा वंशज आहे.

महाराष्ट्रांत हें काम खेड्यांतील स्त्रियांनीं केलें. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं जामखेड येथें आरोग्यप्रकल्प सुरू केला. गांवानें निवडलेल्या, पुष्कळदां निरक्षर असलेल्या बायांस त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. मुलांचीं वजनें घेणें, गरोदर स्त्रियांची चौकशी करणें हीं कामें त्या करूं लागल्या. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या साऱ्या इतिहासांतील अत्यंत बोधप्रद प्रकरण गडचिरोलीचें आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं तेथें १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९३ पासून त्यांनीं नवजात बालकांचा अभ्यास हातीं घेतला. ३९ गांवांत प्रयोग आणि ४७ गांवांत तुलना, अशी त्याची मांडणी होती. बहुतेक बाळंतपणें त्या काळीं घरींच होत. रुग्णालय दूर, पावसाळ्यांत वाटा बंद. तेव्हां पांच ते दहा इयत्ता शिकलेल्या गांवच्याच स्त्रियांस शिकवून आरोग्यदूत नेमण्यांत आलें. ती बाळंतपणाच्या वेळीं हजर राही आणि पुढें महिनाभर ठरलेल्या दिवशीं घरीं जाऊन बाळाचें वजन, तापमान आणि श्वास पाही व तक्ता भरी. डॉक्टर ठराविक काळानें येऊन तो तपासीत.

त्या तक्त्यांत काय विचारलेलें होतें, हें पाहण्यासारखें आहे. आधीं चांगलें रडणारें बाळ आतां क्षीण रडतें काय? आधीं नीट पिणारें बाळ आतां कमी पितें काय? तें सुस्त पडलें आहे काय? अंग फार गार किंवा फार गरम आहे काय? बेंबींत पू आहे काय? पोट फुगलें आहे काय, सारखी उलटी होते काय? श्वास घेतांना बाळ कण्हतें किंवा छाती आंत ओढली जाते काय? यांतील दोन लक्षणें एकाच वेळीं दिसलीं कीं जंतुदोषाचा संशय धरावयाचा. रुग्णालयांत नेण्याचा सल्ला द्यावयाचा, आणि नेणें घडत नसेल तर पालकांच्या संमतीनें शिकविल्याप्रमाणें औषध व इंजेक्शन द्यावयाचें. प्रत्येक प्रश्नाच्या मागें एक कृति ठरलेली होती. या प्रयोगाचा निकाल डिसेंबर १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गांवांच्या मानानें प्रयोगाच्या गांवांत नवजात मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें होतें. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकीं पूर्वीं सोळा-सतरा दगावत. तें प्रमाण तीनांच्या आंत आलें.

या प्रश्नांतील ‘आधीं’ आणि ‘आतां’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. काल बाळ कसें होतें हें ज्यास माहीत आहे, त्यासच आजचा बदल कळतो. म्हणून त्या तक्त्याचा अर्धा भाग आईच्या उत्तरावर उभा होता. आजीच्या डोक्यांतील जुना हिशेब टाकून न देतां त्याला आंकड्याची आणि उपायाची जोड मिळाली, असें या प्रयोगाचें सार सांगतां येईल.

गडचिरोलीच्या कार्याचा परिणाम देशभर झाला. २०११ सालीं केंद्रशासनानें घरोघरीं नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांकडे सोंपविला. बाळंतपण रुग्णालयांत झालें असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं आशाताईनें घरीं जावयाचें. घरीं झालें असल्यास पहिल्या दिवशींही. त्याआधीं २०१० च्या सुमारास मोर्लींच्या कार्डाच्या धर्तीवर माता व बाल संरक्षण कार्ड देशभर आलें. त्यांत मुलींसाठीं गुलाबी आणि मुलांसाठीं निळा असे वाढीचे आलेख असतात. ते जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं ठरविलेल्या मानकांवर आधारलेले आहेत. त्या मानकांसाठीं ज्या सहा देशांतील मुलांचीं मापें घेतलीं, त्यांत भारत होता. संभाजीनगरशीं या इतिहासाचा जवळचा संबंध आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ सालीं स्थापन झालें, तें याच शहरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत. मराठवाड्यांत कुपोषणाविरुद्ध आधीं सुरू झालेल्या मोहिमेंतून तें वाढलें.

यानंतर कागदाची जागा मोबाइलनें घेण्यास आरंभ केला. १ मार्च २०२१ पासून अंगणवाड्यांची नोंद पोषण ट्रॅकर या शासकीय ॲपवर होऊं लागली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें महाराष्ट्रांतील हजारों अंगणवाडी सेविकांनीं शासनानें दिलेले मोबाइल परत केले. फोन वारंवार बंद पडतात, त्यांची स्मृति अपुरी आहे, आणि ॲप इंग्रजींत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या स्त्रीनें वर्षानुवर्षें मराठींत रजिस्टरें भरलीं, तिला स्वतःच लिहिलेली नोंद वाचतां येईना, हा त्या तक्रारींचा मतितार्थ. माहिती वर कचेरींत पोंचत असेल. पण बाळापाशीं बसलेल्या बाईच्या उपयोगीं ती पडत नसेल, तर गडचिरोलीच्या तक्त्याचा अर्धा गुण तेथेंच हरवतो.

हा इतिहास समोर ठेवला म्हणजे पडेगांवांतील त्या घराला ॲप निवडणें फारसें अवघड जाणार नाहीं. पहिली कसोटी भाषेची आणि सोपेपणाची. रात्रीं अंधारांत, एका हातावर बाळ असतां, दुसऱ्या हातानें एका स्पर्शांत नोंद झाली पाहिजे. आणि आईचें, बापाचें व गांवाहून आलेल्या आजीचें, असें तिघांचें काम त्यावर चाललें पाहिजे. आजी पडदा वाचूं शकत नसेल, तर पाळण्याच्या दोरीला बांधलेली वही त्या ॲपहून सरस ठरेल.

दुसरी कसोटी प्रश्नांची. आरंभींच्या दिवसांत मोजण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. पाजणें किती वेळां झालें, पांचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले होतात काय, आणि वजन. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन थोडें, फार तर सात ते दहा टक्के, उतरतें आणि बहुधा दोन आठवड्यांच्या आंत भरून येतें. तें भरून आलें, बाळ नीट पितें आणि लंगोट ओले होतात, तर प्रत्येक मिनिटाची झोंप टिपण्यानें बाळाच्या आरोग्यांत कांहीं भर पडत नाहीं. उलट, बाळ पिणें थांबलें, सुस्त झालें, श्वास मिनिटास साठांच्या वर गेला, अंग तापलें किंवा गार पडलें, तळहात-तळपाय पिवळे झाले, तर आलेख पाहत न बसतां तात्काळ डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. मोजा घालून बाळाच्या पायाची नाडी मोबाइलवर दाखविणारीं उपकरणेंही निघालीं आहेत. अशाच एका प्रसिद्ध उपकरणाच्या विक्रीस वैद्यकीय मान्यता नसल्यावरून, अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०२१ सालीं ओलेट या कंपनीस इशारापत्र दिलें होतें.

तिसरी कसोटी नोंद कोणाच्या मालकीची, ही. मोर्लींचें कार्ड आईच्या पाकिटांत असे. ॲपमधील नोंद दूरच्या संगणकांत जाते. त्याच २०२१ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें फ्लो या स्त्रियांच्या आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या कंपनीशीं तडजोड केली. खासगी ठेवण्याचें वचन दिलेली माहिती फेसबुक, गूगल आदि कंपन्यांस दिल्याचा तिच्यावर आरोप होता. भारतांत २०२३ सालीं संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यास पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे आणि बालकांस उद्देशून केलेल्या लक्ष्यित जाहिरातींस मनाई केली आहे. तरीही ॲप फुकट कां मिळतें, नोंद कागदावर छापून घेतां येते काय, आणि खातें बंद केल्यास ती पुसली जाते काय, हें आधींच विचारणें हिताचें. बाळाचें खरें नांव व जन्मतारीख न देतांही दुधाचा हिशेब ठेवतां येतो.

चौथी आणि सर्वांत मोठी कसोटी अशी कीं, ही नोंद वाचणारें माणूस कोण? ब्यूदॅंच्या केंद्रांत डॉक्टर होता, गडचिरोलींत आरोग्यदूत होती. बेचाळीस दिवसांत दारांत येणाऱ्या आशाताईला किंवा लस टोंचणाऱ्या परिचारिकेला जें दाखवितां येईल, तें टिपण उपयोगाचें. ॲप कोणतेंही घेतलें तरी वजनाचा प्रत्येक आंकडा त्या गुलाबी किंवा निळ्या आलेखावर उतरवून घ्यावा. मोबाइल हरवला, मोडला किंवा कंपनीनें ॲप बंद केलें तरी कार्ड घरांत राहतें.

शेवटीं आईच्या मनाचाही विचार केला पाहिजे. अपुऱ्या झोंपेंत आणि एकटेपणांत आंकड्यांचा धीर वाटतो; शेवटचें केव्हां पाजलें हें आठवत नसतां एक ओळ मनाचा भार हलका करते, आणि बापानें केलेली नोंद पाहून आई दोन तास स्वस्थ निजूं शकते. हा लाभ लहान नाहीं. परंतु त्याच आंकड्यांची टोंचणी लागून ती उदास राहूं लागली, बाळ शांत निजलें असतांही पडद्याकडे पाहत जागूं लागली, तर घरच्यांनीं ॲप मिटवून तिला डॉक्टरांकडे न्यावें. बाळंतिणीचें दुःख हेंही नोंद घेण्याजोगें लक्षण आहे. बाळाचें वजन नीट वाढूं लागलें, त्याचें रडें आईबापांच्या कानांस ओळखीचें झालें, कीं रोजचें टिपण थांबवावयास हरकत नाहीं. त्यानंतर लसींच्या तारखा आणि महिन्याचें वजन, एवढें लिहीत गेलें म्हणजे पुरे.